गृहस्थाचा अप्रमाद

गृहस्थाश्रमात हिंसा अटळ आहे हे आपल्या स्मृतिकारांनी फार पूर्वीच मान्य केले होते. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही घरातली पाच वधस्थाने मोजून त्यांनी त्यांस पंचसूना म्हटले, आणि त्या दोषाच्या क्षालनार्थ जे पंचमहायज्ञ सांगितले त्यांत प्राणिमात्रांना अन्नाचा वाटा देणारा भूतयज्ञही घातला. त्या गणनेत खिडकीतली कुंडी नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते; कारण त्या काळचे मांजर गावभर हिंडून आपल्या मर्जीचे गवत चावीत असे, तर आजचे मांजर तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात, जाळीच्या आड, सर्वस्वी आपल्या मुखत्यारीखाली जन्म काढते, आणि हिरवे पान चावण्याची त्याची उपजत वासना भागवायला आपण मांडलेल्या कुंड्यांखेरीज त्याला दुसरे रान उरलेले नाही. म्हणून अशा घरात मांसल पानांची कोणती फुलझाडे ठेवावीत, याचा निकाल एकट्या माळ्यावर सोपवून भागणार नाही.

कलांचो घ्या. मूळचे मादागास्करचे हे रोप पॉट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी 1932 च्या सुमारास बाजारात आणले. पाणी थोडे लागते, हिवाळ्यातल्या दीर्घ रात्रींनी ते कळ्या धरते, आणि त्याचे लाल-पिवळे गुच्छ कित्येक आठवडे टिकतात. परंतु त्याच्या पानांत, आणि विशेषतः फुलांत, हृदयाच्या स्पंदनावर आघात करणारी द्रव्ये असतात, ज्यांचे रासायनिक गोत्र काही बेडकांच्या कातडीतल्या विषाशी जुळते. कुत्र्यामांजरांनी ती खाल्ली तर वांती आणि जुलाब होतात, आणि मात्रा मोठी असल्यास हृदयाची लय बिघडते.

विषारी वनस्पतींचा तिटकारा आपल्या धर्माने कधी केला नाही. मारुतीला रुईची माळ, शंकराला धोत्रा, पूजेच्या तबकात कण्हेर, ही सारी विषारीच (हलाहल पचवणाऱ्याला धोत्र्याचे काय भय!). झाडाने स्वतःच्या रक्षणार्थ विष बाळगावे यात त्याचा गुन्हा नाही, आणि मांजराने पान चावावे यात मांजराचाही नाही. मग दोषाची नोंद कोणाच्या नावे करायची? याचे मला सर्वांत समाधानकारक वाटलेले उत्तर जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात आहे, जेथे प्रमादयुक्त वर्तनाने होणारा प्राणघात अशी हिंसेची व्याख्या केली आहे. या न्यायाने, न कळता कलांचो आणणारा आणि कळल्यावरही ते मांजराच्या खिडकीत राहू देणारा यांना एका मापाने मोजता येत नाही. ‘कुंडी उंच टांगीन’ हा बचाव मला मान्य नाही. उंचीचा बंदोबस्त मांजरापुढे आजवर कोणाचा टिकला आहे?

युधिष्ठिराने तर मागे आलेल्या कुत्र्यासाठी स्वर्गच नाकारला होता. आपल्याला सोडायचे आहे ते फार थोडे, आणि तेही बदल्यात दुसरे मिळवून. ब्राझीलच्या किनारी डोंगरांतल्या अरण्यात झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या खोबणींत वाढणारा ख्रिसमस कॅक्टस निवडुंगाच्या कुळातला असूनही बोचत नाही, कुत्र्यामांजरांना बाधत नाही, आणि थंडीत गुलाबी फुलांनी लवतो. मात्र रानातल्या सवयीप्रमाणे त्याला सावली आणि ओलावा हवा, आपल्याकडचे दुपारचे ऊन सोसत नाही. मेक्सिकोकडची एचेव्हेरियाही निर्धोक. हॉवर्थिया तशीच निरुपद्रवी, पण बारीक दांडीवरच्या तिच्या फिक्या फुलांसाठी कोणी तिला घरी आणील असे मला वाटत नाही. अडेनियमचा रस आफ्रिकेत बाणांच्या टोकांना लावीत, एवढे सांगितले म्हणजे त्याच्याविषयी अधिक बोलावे लागू नये. कोरफड औषधी म्हणून निर्धास्त असलेल्यांनी हे ध्यानी घ्यावे की ती खाऊन कुत्र्यामांजरांना वांत्या होतात.

घरात आधीच असलेल्या कलांचोची तजवीज काय करावी, हे अधिक कठीण. ते प्राणी नसलेल्या घरी द्यावे आणि देताना त्याचा गुण स्पष्ट सांगावा. पण छाटलेल्या फांद्या कुंपणाबाहेर फेकू नयेत, कारण या कुळातल्या कित्येक रोपांचे तुटलेले पानसुद्धा मातीत रुजते. ऑस्ट्रेलियात बागेच्या शोभेसाठी नेलेल्या याच कुळातल्या एका मादागास्करी जातीने क्वीन्सलँडची माळराने व्यापली आणि चरणारी गुरे मारली. आपल्याकडे कचऱ्याच्या ढिगावर शेळी हमखास तोंड घालते, आणि तिच्या दाव्याचे टोक कोणाच्या हाती आहे हे फांदी फेकणाऱ्याला ठाऊक नसते.