आवड आणि निवड

वर्ष संपत आलें कीं रॉक संगीताचे चाहते एक विधि न चुकतां पार पाडतात. गेल्या बारा महिन्यांत ऐकलेल्या अल्बमांतून आवडते दहा-वीस निवडून, त्यांस क्रमांक देऊन, ते मित्रमंडळींपुढें मांडतात. महाराष्ट्रांत ही हौस कालपरवांची नव्हे. 'रॉक मशीन' हा मेळा मुंबईंत १९८४ सालीं उभा राहिला आणि पुढें 'इंडस क्रीड' या नांवानें ओळखला गेला. पुण्यास २०१० सालीं 'एनएच-७ वीकेंडर' हा महोत्सव सुरू झाला. छत्रपती संभाजीनगरच्या तरुणास तर आतां घर सोडण्याचीही गरज नाहीं. जगांतील बहुतेक संगीत त्याच्या खिशांतील यंत्रांत येऊन बसलें आहे. वडील मंडळींस त्याची ती यादी पोरखेळ वाटते. आम्हांस मात्र तींत एक नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. ऐकणाऱ्यावर ऐकलेल्या कृतीचें कांहीं ऋण असतें काय? आणि असल्यास तें अशा यादीनें फिटतें, कीं बुडतें?

प्रथम 'अल्बम' म्हणजे काय तें पाहूं. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे गाणें मावत नसे. मोठी रचना अनेक तबकड्यांवर पसरे, आणि त्या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधणींत एकत्र ठेवीत. त्या वहीचेंच नांव पुढें आंतील संगीतास चिकटलें. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें सावकाश फिरणारी दीर्घ तबकडी बाजारांत आणली आणि एका बाजूस वीस मिनिटांचा अवकाश मिळाला. रॉकच्या कलावंतांनीं त्या अवकाशाचें सोनें केलें. पिंक फ्लॉइड यांच्या १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमांत एक गाणें दुसऱ्यांत मिसळत जातें. सुमारें त्रेचाळीस मिनिटांची ती एकसंध रचना आहे. तिच्यांतील एकच तुकडा ऐकून मत देणें म्हणजे नाटकाचा एक प्रवेश पाहून नाटककारास जोखणें होय.

एके काळीं असें धांवतें ऐकणें शक्यच नव्हतें. घरांत फोनो असला तरी तबकड्या मोजक्याच. बालगंधर्वांचीं पदें, अब्दुल करीम खांसाहेबांच्या दोन-चार चिजा, आणि त्याच पुन्हां पुन्हां. १९४७ सालीं देशांतील संस्थानी मुलखांत जीं पांच नभोवाणी केंद्रें होतीं त्यांत एक औरंगाबादचें होतें. परंतु तेथेंही वेळ ठरलेली आणि निवड दुसऱ्याची. त्या टंचाईनें श्रोते एकनिष्ठ झाले हें खरें. तथापि ज्यास दुसरें कांहीं मिळतच नव्हतें त्याच्या निष्ठेचें फार कौतुक करणें बरें नव्हे. ज्याच्यापुढें पर्याय आहेत त्यालाच खरी निवड करतां येते. म्हणून आजच्या विपुलतेस आम्ही दोष देत नाहीं.

दोष असलाच तर तो विपुलतेपुढें धांवत सुटण्याचा आहे. आमच्या शहरापासून तीसेक किलोमीटरांवर वेरूळ आहे. तेथें चौतीस लेणीं आहेत: बारा बौद्ध, सतरा हिंदू, पांच जैन. कित्येक प्रवासी तीं सारीं एका दुपारांत उरकतात आणि संध्याकाळीं कैलासाच्या शिल्पांविषयीं विचारलें तर त्यांस केवळ ऊन आणि पायऱ्या आठवतात. दुसरा एखादा एकाच लेण्यांत तासभर बसतो. संख्येचा हिशेब पहिल्याच्या बाजूस आहे; वेरूळ मात्र दुसऱ्यानें पाहिलें.

आमच्या साहित्यशास्त्रानें रसिकाला 'सहृदय' असें म्हटलें आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनानें ज्याचें मनरूपी दर्पण निर्मळ झालें तो सहृदय, असें अभिनवगुप्त सांगतो. येथें भर जन्मजात रुचीवर नसून अभ्यासावर आहे. आरसा एकदां पुसून भागत नाहीं. हा नियम काव्यास लागू आणि विजेच्या गिटारीस नाहीं, असें मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, रुचि ज्याची त्याची. तिला क्रमांक कसले? आक्षेपांत तथ्य आहे. 'द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको' हा १९६७ सालचा अल्बम त्या वेळीं फारसा खपला नाहीं. पुढें मात्र कित्येक कलावंतांनीं त्याच्यापासून स्फूर्ति घेतली. एका वर्षाचा निकाल हा अंतिम निकाल नव्हे. परंतु यादीचें मोल निकालांत नाहींच. 'सगळेंच चांगलें' असें म्हणणारा पुष्कळदां कशापाशींच थांबलेला नसतो. 'हें पहिलें' असें म्हणावयाचें तर दोन्ही कृति पुन्हां ऐकाव्या लागतात, स्वतःस कारण विचारावें लागतें, आणि तें चारचौघांत सांगण्याचें धैर्य करावें लागतें. अशा रीतीनें केलेली यादी ही ऋणाची कबुली होय. केवळ आपण किती ऐकलें हें मिरविण्यासाठीं केलेली यादी मात्र त्या दुपारच्या प्रवाशाचीच जातभाई.

हेंच ऋण घरांतील वडिलांनाही चुकलेलें नाहीं. न ऐकतांच 'हा गोंगाट' असा निवाडा देणें ही संगीताची पारख नसून आपल्या वयाचा अधिकार गाजविणें होय. मुलानें वर्षभर ऐकून, तोलून कांहीं निवडलें असेल, तर त्यांतील पहिला अल्बम एकदां त्याच्याजवळ बसून आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावा. कदाचित् तो आवडणार नाहीं. पण मग ती नावड तरी आपली स्वतःची, ऐकून मिळविलेली असेल. आणि तिच्याविषयीं मुलाशीं बोलतां येईल.