दुसऱ्याने भरलेले काडतूस

दिवाळीत आमच्या घरून सात-आठ घरी फराळाची ताटे जातात आणि तितकीच येतात. वरचा रुमाल बाजूला करून आपण चकली तोंडात टाकतो. ती कोणी तळली, तळताना तिचे लक्ष कुठे होते, असले काही विचारत नाही. विचारले तर तो अपमानच व्हायचा. हातचे ते चांगले, आणि चांगले ते आधी दुसऱ्याला, असा आपला सरळ हिशेब. हा हिशेब अगदी उलटा मांडणारा एक माणूस मला भेटला.

गेल्या वर्षी मी भाच्याकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, दोन महिने राहिलो. त्याच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. सारा जन्म लेथवर गेलेला, बोलणे मोजके. त्यांच्या तळघरात काडतुसे भरण्याचे टेबल आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा बनवणे हा गुन्हा. तिकडे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरण्याची मोकळीक आहे, विकायची झाली तर मात्र परवाना लागतो. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून न देता दाबून पुन्हा मूळ आकारात आणायची, बुडाशी नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबायची. दारू मोजतात ग्रेनमध्ये. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे एक ग्रेन गुंजेच्या निम्म्याहून जरासा अधिक. सोनारालाही घाम फुटावा अशी ही तोलाई म्हातारा इतक्या शांतपणे करी, की मला आजीच्या वाती वळण्याची आठवण झाली.

त्यांची रायफल गॅरंड. जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात घडवलेली, १९३६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेली आणि दुसऱ्या महायुद्धात लढलेली. तिच्यात आठ काडतुसे एकदम बसतात. चाप ओढला की गोळी सुटते, तिच्यामागच्या वायूचा थोडा अंश आतला दांडा मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि स्प्रिंग पुढचे काडतूस आत ढकलून दार लावून घेते. हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत.

म्हातारा म्हणाला, "हाताने कडी सारायच्या रायफलीत काडतूस जरा फुगीर असले तर कडी अडते, हाताला कळते. हिला हात नाही. ही नुसती ढकलते."

गॅरंडमध्ये टोपीवर आपटणारी पोलादी सुई सैल असते. दार मिटताना ती दर खेपेस टोपीला शिवते आणि बारीकशी खूण ठेवते. टोपी केसभर वर राहिली असली किंवा फार नाजूक असली, तर चाप न ओढताच बार होऊ शकतो. आणि दाराला कुलूप बसण्यापूर्वी झाला, तर तो झाडणाराच्या तोंडावर येतो. म्हणून ते प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवीत. हाताला येणारी शंका यंत्राने काढून घेतली, तेव्हा ती आधीच, टेबलापाशीच घेऊन ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता.

एका शनिवारी आम्ही तिघे नेमबाजीच्या मैदानावर गेलो. भाच्याने मोठ्या हौसेने म्हाताऱ्याच्या डब्यातले काडतूस उचलले, तसे त्यांनी ते त्याच्या हातून काढून घेतले आणि दुकानातले खोके पुढे केले. पोराचा चेहरा उतरला. मला रागच आला. घरचे ताट झाकून पाहुण्याला हॉटेलचे वाढावे, तसे वाटले!

परतताना मी विचारले, "स्वतःच्या हातावर तुमचा विश्वास नाही?"

"माझ्यापुरता आहे."

"मग धोका त्यालाच कसा?"

"धोका दोघांना सारखाच. पण मला तो ठाऊक आहे. तो बिचारा काडतुसावर कुठे विसंबतो? माझ्यावर विसंबतो."

मला हे पुरतेपणी पटले नाही. कारखान्यातले काडतूस तरी कोणी अनोळखी माणसेच भरतात. खरे, तिथे पारखणारे डोळे अनेक, आणि प्रत्येक खेपेतली नमुन्याची काडतुसे झाडून पाहतात. पण अनेकांची म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही, असेही होते. १९६४ साली अमेरिकन सैन्याच्या एम-१६ रायफलीच्या काडतुसातली दारू बदलली. मग व्हिएतनाममध्ये ऐन लढाईत रायफली अडू लागल्या. इतरही कारणे होती, पण दारू हे एक मोठे. १९६७ मध्ये तिथल्या संसदेच्या उपसमितीने सैन्याधिकाऱ्यांवर कडक ठपका ठेवला. ठपका ठेवला गेला तेव्हा अडलेल्या रायफलीशी झटणारी कित्येक पोरे मरून गेली होती. आणि काडतुसाला काय लावले आहे, हे सरकारच्या शब्दावर मानायचे की नाही, यावरून १८५७ साली आपल्याकडे काय पेटले, ते वाचकांना मी काय सांगावे!

म्हणून मी म्हाताऱ्याला आणखी एक विचारले. "मैदानावर तुमच्या शेजारी दुसरा माणूस उभा असतो. तुमची रायफल फुटली तर पोलादाचा तुकडा त्याला ओळखून सोडून देईल काय? मग तुमच्यापुरता धोका म्हणजे काय?" हा प्रश्न जिंकण्यासाठीच विचारलेला होता, हे मी कबूल करतो. ते काही बोलले नाहीत. गाडी चालवत राहिले.

निघण्याच्या आदल्या रात्री निरोप घ्यायला तळघरात उतरलो. टेबलावर पन्नास काडतुसे तयार होती आणि म्हातारा ती एकेक करून मोडत होता. हातोडीसारख्या एका साधनात काडतूस अडकवायचे, लाकडी ठोकळ्यावर आपटायचे, की गोळी आणि दारू निराळी होते. दुपारी दारू घालताना मुलीचा फोन आला होता. परत येऊन आपण जिथे थांबलो तिथूनच सुरुवात केली, असे त्यांना वाटत होते. पण नुसते वाटत होते.

"तोलून पाहा की," मी म्हटले.

"पुंगळ्यांचीच वजने थोडी थोडी वेगळी असतात. लहानशी चूक त्यात लपते."

"मग ही तुमची तुम्हीच झाडणार ना?"

"हो," ते म्हणाले, आणि पुढचे उचलले.

मी स्टुलावर बसून मोजत राहिलो. पुंगळी तपासायची, दारू बशीत, गोळी डब्यात. एकतीस झाली, एकाही काडतुसात चूक निघाली नव्हती. वरून भाच्याने हाक मारली, "मामा, जेवायला चला." मी उठलो, त्यांचा हात हातात घेतला. जिना चढताना मागे बत्तिसावे काडतूस ठोकळ्यावर आपटल्याचा आवाज आला.