झिजलेले पाते

माझ्या एका स्नेह्यांना चाकूंचा नाद आहे. दोन-तीन महिन्यांनी एखादा नवा येतोच, क्वचित जुनाही. परवा त्यांनी पेटी उघडली. फ्रान्समधला, १८९० पासून शेतकऱ्यांच्या खिशात वावरणारा, लाकडी मुठीचा ओपिनेल. शेजारी जपानच्या सेकी गावचा चाकू. सारी पाती झगझगीत. एकानेही अजून पेरू चिरलेला नाही! जुन्या बाजारातला एकच तेवढा झिजून निमुळता झालेला. ते म्हणाले, “हातात घ्यावासा वाटतो तो मात्र हाच.”

नवा चाकू घेताना आपण वस्तू घेतो; जुना घेताना कुणाची तरी वर्षे. पण आपली स्वतःची वर्षे कुठल्या दुकानात मिळणार? धार लावावी तर पाते झिजते. न झिजवावे तर ते नुसते लोखंड.

सेकीत दर ८ नोव्हेंबरला निकामी चाकू-कात्र्यांसाठी प्रार्थना होते. आपणही खंडेनवमीला विळीला हळदकुंकू वाहतो. मान मिळतो तो राबलेल्या पात्याला.

“आता पुढचा केव्हा?” मी विचारले. ते हसले. नवा ओपिनेल उघडून त्यांनी पेरू चिरायला घेतला.