पट्टी देणाऱ्याने हिशेब मागावा काय?

ग्रामसभेत एखादा गरीब मनुष्य उभा राहून "घरपट्टीचे पैसे कोठे गेले?" असे विचारू लागला, म्हणजे त्यास बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले असे की, "तुझी पट्टी ती केवढी, आणि तुझा प्रश्न केवढा!" दुसरे उत्तर पुष्कळदा त्याच्याच मंडळीतील वडील माणसे देतात. ती म्हणतात, कर देणे हे आपले कर्तव्य, ते आपण केले. पुढे त्या पैशाचे काय होते हे पाहणे आपले काम नव्हे. पहिले उत्तर उद्धटपणाचे आहे आणि दुसरे नम्रतेचे दिसते. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो, विचारणारा मुकाट्याने खाली बसतो.

तेव्हा हिशेब मागणे योग्य की अयोग्य, आणि योग्य असल्यास तो मागण्याचा अधिकार कोणास, ह्याचा विचार वाचकांनी करावा अशी आमची इच्छा आहे. मुंबई शहरात १८७१ साली ह्याच प्रश्नावर मोठे वादळ झाले. त्याची हकिकत पाहिली असता पुष्कळ गोष्टी उघड होतात.

वाचकांपैकी जे मुंबईस गेले असतील त्यांनी बोरीबंदराजवळची ती दगडी मंडई पाहिली असेल. तिचे सरकारी नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे. पण लोकांच्या तोंडी अद्याप जुने नाव आहे, क्रॉफर्ड मार्केट. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' म्हटलेल्या, सरकारने नेमलेल्या गृहस्थांच्या मंडळाकडे दिला होता. पण कामाची खरी सत्ता कमिशनराच्या हाती होती. क्रॉफर्डसाहेब कामाला मोठे धडाडीचे. त्या वेळी शहरात उघडी गटारे, कचऱ्याचे ढीग व दरसाल पटकीची साथ, असा प्रकार होता. त्यांनी रस्ते केले, घाण काढविली, दिवाबत्ती वाढविली, आणि १८६९ साली ही मंडई पुरी केली. कामे चांगली होती हे त्यांचे शत्रूही नाकारीत नसत.

परंतु पैसा कोठून यावयाचा? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत कापसाचा भाव चढून मुंबईत सोन्याचा पाऊस पडला होता. १८६५ साली ते युद्ध संपले, भाव कोसळला, आणि शेअरांच्या सट्ट्यात घातलेले पैसे बुडून मोठमोठी घराणी धुळीस मिळाली. नेमक्या त्याच साली ह्या नव्या कारभारास आरंभ झाला. घरावर पट्टी, दिव्यांवर पट्टी, पोलिसांसाठी पट्टी, गाडीघोड्यावर पट्टी, शहरात येणाऱ्या जिनसांवर जकात, आणि मैला काढण्याकरिता जी पट्टी घेत तिला म्हणत हलालखोर पट्टी. इतके घेऊनही खर्च उत्पन्नाच्या पुढे जाई व कर्ज वाढे. तेव्हा घरधनी चिडले. सभा भरल्या, अर्ज गेले, वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. नौरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांसारखे वजनदार पुरुष गाऱ्हाणे करणाऱ्यांच्या बाजूस उभे राहिले. क्रॉफर्ड ह्यांस जावे लागले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या नगरकारभाराची उधळपट्टी जेव्हा चोहोंकडे गाजत होती, त्याच काळात पुण्याजवळ गणेशखिंडीत गव्हर्नरसाहेबांचा नवा वाडा उभा राहात होता. १८६४ साली आरंभिलेले ते काम १८७१ साली पुरे झाले, आणि अंदाजाबाहेर झालेल्या त्याच्या खर्चावरून विलायतेच्या पार्लमेंटात मुंबईच्या गव्हर्नरांची कडक निर्भर्त्सना झाली. (हल्ली त्या इमारतीत पुणे विद्यापीठ आहे.) म्हणजे ज्या सरकारने शहराचा कमिशनर नेमला त्याचा स्वतःचा हातही आखडता नव्हता. पण मुंबईच्या म्युनिसिपालिटीच्या खर्चाविषयी निदान घरधन्यांना सभा भरविता आली. गणेशखिंडीचा खर्च ज्या रयतेच्या साऱ्यातून निघाला तिला कोणी विचारले?

आता गाऱ्हाणे करणाऱ्यांचे म्हणणे खरे होते काय? आमच्या मते अर्धे खरे होते. पैसा आपला असता तो मंजुरीबाहेर खर्च व्हावा व आपणांस उपाय नसावा, हे त्यांना सोसेना, आणि ते सोसू नयेच. परंतु त्यांच्यापैकी कित्येकांचा रोख असा होता की कमिशनराचे पद मोडावे आणि खर्च आवरावा, म्हणजे झाले. खर्च आवरावयाचा म्हणजे कोणता? मोठ्या घरात राहणारास गटार नसले तरी नोकर असतो. गटार न झाले तर आधी मरतो तो चाळीतला. काटकसरीचा उपदेश करणाराने आपली काटकसर कोणाच्या जिवावर होणार हे आधी पाहिले पाहिजे. नाही तर तीही एक प्रकारची उधळपट्टीच.

हे त्या गर्दीत एका तरुण बॅरिस्टराने ओळखले. त्याचे नाव फिरोजशहा मेहता, वय २६. १८७१ च्या नोव्हेंबरात धोबीतलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभेत त्याने उभे राहून सांगितले की, क्रॉफर्ड ह्यांनी शहराचे हित केले आहे, आणि दोष मनुष्यात नसून व्यवस्थेत आहे. काम करणारा एकच जबाबदार अधिकारी असावा, पण त्यास जाब विचारणारे मंडळ पट्टी देणाऱ्यांनी स्वतः निवडलेले असावे. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. लोक एकाच्या नावाने ओरडत असता, "ओरडा, पण पुढल्या वर्षी हिशेब कोण तपासणार ते ठरवा" असे सांगणारा कोणास आवडणार? तथापि १८७२ च्या कायद्याने जे घडले ते पुष्कळसे त्याच दिशेचे होते. ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन झाले. त्यांपैकी ३२ पट्टी देणाऱ्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिसांनी व १६ सरकारने.

लोकांच्या गाऱ्हाण्यातून निवडणुकीचा हक्क निघाला, ही गोष्ट लहान नव्हे. पण ह्या विजयाचे दार फार अरुंद ठेवले गेले. जो वर्षास ५० रुपये पट्टी भरी, त्यालाच मत. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सुमारे साडेसहा लक्ष भरली. त्यांत ५० रुपये पट्टी भरणारे ते किती असणार? गिरगावच्या चाळीतला कारकून, आणि पुढे परळ-लालबागेत गिरण्या वाढल्या तेव्हा कोकणातून व घाटावरून आलेला गिरणी कामगार, ह्यांच्या नावावर पट्टी नव्हती. पण घरमालक जी पट्टी भरी ती भाड्यातूनच काढी ना? तेव्हा पट्टी खरोखर भरली कोणी? आणि ज्यांच्या नावाने हलालखोर पट्टी वसूल होई, जे पहाटे लोकांचा मैला डोक्यावरून वाहात, त्यांच्यात ५० रुपये पट्टी भरणारा कोण निघावा? पट्टीला नाव त्यांचे, हिशेब विचारण्याचा हक्क दुसऱ्याचा. ज्यांनी स्वतः "आम्हांस विचारीत नाहीत" म्हणून आकांत केला, त्यांपैकी फार थोड्यांच्या मनात आले असेल की आपणही कोणास विचारीत नाही.

ह्या ठिकाणी ज्यांचे नाव आज त्या मंडईस आहे त्यांची आठवण होते. जोतीराव फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागताकरिता एक हजार रुपये खर्चावे असा विचार निघाला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे म्हणून विरोधी मत देणारे ते एकटेच होते. दख्खनात १८७६ ते १८७८ पर्यंत दुष्काळाने माणसे मेली होती, ती आठवण ताजी होती. १८७१ चे मुंबईकर आपल्या पट्टीसाठी भांडले. जोतीराव ज्यांच्या नावे पट्टीच नव्हती अशांच्या वतीने बोलले. आम्हांस हे दुसरे बोलणे अधिक मोलाचे वाटते.

क्रॉफर्डसाहेबांचे पुढे काय झाले असे वाचक विचारतील. ते वरच्या हुद्द्यांवर चढत गेले, आणि १८८८ साली पुण्यास मध्य भागाचे कमिशनर असता मामलेदारांपासून बढती-बदलीसाठी पैसे घेतल्याचा त्यांच्यावर आरोप आला. चौकशी कमिशनने लाचेच्या आरोपातून त्यांस मोकळे केले. पण हाताखालच्या मुलखात कर्जे काढल्याबद्दल त्यांची नोकरी गेली. अभयवचनावर विसंबून ज्या मामलेदारांनी साक्षी दिल्या, त्यांच्याच नोकऱ्या धोक्यात आल्या, व त्यांच्यासाठी टिळकांस चळवळ करावी लागली. ह्यावरून कोणी म्हणेल की १८७१ चे लोक आधीच खरे बोलत होते. आम्ही तसे म्हणणार नाही. तेव्हाचा आरोप उधळपट्टीचा होता, लाचेचा नव्हता. आणि हिशेब मागणे म्हणजे चोर म्हणणे नव्हे. हा भेद आपल्या गावांत फार थोडे पाळतात. सरपंचास "आकडे दाखवा" म्हटले की तो "मला चोर म्हणता काय?" असे ओरडतो, आणि पुष्कळदा विचारणाराच्या मनातही तेच असते.

कर निमूटपणे द्यावा आणि पुढे पाहू नये असे म्हणणाऱ्या आमच्या वडील बांधवांना एवढेच विचारावेसे वाटते: जक्कय जकातदाराने चौपट परत करीन असे म्हटले, ते कोणताही हिशेब न काढता कसे फेडले असते? आणि पंचायतीचा हिशेब मागणाऱ्या आमच्या तरुणांनाही एक विचारावेसे वाटते. मंडळीच्या वर्गणीचा जमाखर्च शेवटी केव्हा वाचला गेला? पंच मंडळीत तो मागितला असता कोणाच्या कपाळास आठ्या पडतात? जो घरात हिशेब देत नाही त्याला चावडीवर तो मागण्याचे तोंड नसते, हे खेड्यातले लोक बरोबर ओळखतात.

मुंबईचे ते अरुंद दार हळूहळू रुंद झाले. १९२२ च्या कायद्याने भाडे भरणारास मत मिळाले, आणि १९४८ साली प्रौढ मतदानाने निवडणूक झाली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तर कोणाही नागरिकास सरकारी कागद मागता येतो. दहा रुपये फी, आणि दारिद्र्यरेषेखालच्यास तीही नाही. तुम्ही पट्टी किती भरता हे कोणी विचारावयाचे नाही. ग्रामसभेतही पंचायतीचा जमाखर्च मांडावा लागतो. अडचण अशी की तो कागद भराभर वाचून गुंडाळला जातो आणि 'किरकोळ खर्च' ह्या सदराखाली काय आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या गावी उपदेशक किंवा शाळामास्तर आहेत तेथे त्यांनी सभेच्या आधी त्या कागदाची नक्कल मागून घ्यावी, आणि चार माणसांस, त्यांतही ज्यांना वाचता येत नाही अशांस, एकेक सदर सावकाश वाचून दाखवावे.