राखीव वीज

पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट सुमारे १८५० किलोमीटरांचा, बहुतेक वाळवंटातला. तिथे जाणारे मोटारीत दोन बॅटऱ्या ठेवतात. पातळ प्लेटांची एक, सेल्फ मारताना क्षणभर जोर देणारी. जाड प्लेटांची दुसरी, रात्रभर दिवा नि फ्रीज पोसणारी. इंजिन थांबले, की मधला रिले थोड्याच वेळात दोघींची ताटातूट करतो. शेतकरी बियाणे वेगळे राखतो, तसेच हे. याला कंजूषपणा कोण म्हणेल? पण फ्रीजमध्ये सोबत्याचे इन्सुलिन असेल तर? रिलेला दयामाया नसते. बरे, दोन्ही जोडून पहिलीही आटवली, तर सकाळी गाडी हलायची नाही. मग त्याला इस्पितळात कोण नेणार? माझ्या मते हा निवाडा निघण्यापूर्वीच व्हावा. दुसरी बॅटरी मोठी घ्यावी, आणि बिअरच्या बाटल्या घरी ठेवाव्यात.