हॉलची किल्ली

शास्त्रवाचन : यिर्मया २९:४-७, प्रेषितांची कृत्ये १९:८-१०



२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. आमच्या मंडळीच्या आवारामागे एक सखल गल्ली आहे. त्या गल्लीतील घरांत रात्री पाणी शिरले. मंडळीचा हॉल मात्र उंच दगडी चौथऱ्यावर आहे. बायका लेकरांना कडेवर घेऊन त्याच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. मी त्या वेळी मंडळीचा सेक्रेटरी होतो. किल्ली माझ्याजवळ नव्हती. ती खजिनदारांकडे होती, आणि ते परगावी लेकीकडे गेले होते. दुसरी किल्ली करून घ्यावी असा ठराव पंचांच्या सभेत दोनदा झाला होता, पण किल्ली काही झाली नव्हती. कुलूप तोडावे की न तोडावे, या विचारात मी छत्री धरून उभा राहिलो. तेवढ्यात गल्लीतल्या गणेश मंडळाच्या मुलांनी शाळा उघडवली आणि सगळे तिकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी क्षमा मागावी म्हणून मी शाळेत गेलो. एक आजी म्हणाल्या, “त्यात काय झालं हो सर? हॉल तुमचा. आम्ही घटकाभर आडोशाला थांबलो होतो, इतकंच.” त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. आमचे दार उघडेल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. साठ वर्षे त्या गल्लीला आमची घंटा ऐकू येत होती. पण दार आपल्यासाठी आहे, असे तिला एकदाही वाटले नव्हते.

प्रियजनहो, यिर्मया संदेष्ट्याने बाबेलातील बंदिवानांना पत्र लिहिले, ते अशाच लोकांसाठी. परक्या नगरात ते मनाने बिऱ्हाड बांधूनच बसले होते. दोन वर्षांत सुटका होईल, असे हनन्यासारखे खोटे संदेष्टे सांगत होते. मग तेथे घर कशाला बांधायचे आणि शेजाऱ्याची ओळख तरी कशाला करून घ्यायची? यिर्मयाने त्यांना उलटे सांगितले. घरे बांधा, बागा लावा, लेकराबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात देवाने तुम्हांला पाठविले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा, कारण त्याचे कुशल तेच तुमचे कुशल. लक्षात घ्या, ज्यांनी त्यांना धरून नेले त्यांच्याच नगरासाठी ही प्रार्थना करायची होती.

आपल्या मराठी मंडळ्यांचे काही असेच झाले आहे. कोणाचे आजोबा नोकरीसाठी इंदूरला गेले, कोणाचे वडील वडोदऱ्याला, कोणी ग्वाल्हेरला, कोणी हैदराबादला. परक्या भाषेच्या गावात मराठीतून स्तुतिगीत कानी पडावे, म्हणून त्यांनी पोटाला चिमटा घेऊन भक्तिस्थान बांधले, शेजारी हॉल बांधला. त्यांचे उपकार थोर आहेत. पण त्या हॉलात आपण काय करतो? नाताळचा चहा, वर्षाकाठी दोनचार लग्ने, रविवारी तासभर शब्बाथशाळा. उरलेले दिवस कुलूप.

आपल्याच परंपरेत याहून वेगळा एक दाखला आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे तरुण मिशनरी १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत आले. भायखळ्याजवळचा नागपाडा म्हणजे दाट वस्ती. मुसलमान, हिंदू, यहुदी, ख्रिस्ती असे सगळे शेजारी, आणि कामाठीपुऱ्यासारखी दुःखी वस्ती हाकेच्या अंतरावर. तेथे मिशनने नवे उपासनामंदिर नव्हे, तर नागपाडा नेबरहुड हाउस हे शेजारधर्माचे घर उभारले. वाचनालय, वर्ग, व्याख्याने, आरोग्याची सेवा, मुलांचे खेळ असे तेथे चाले. नागपाड्यात बास्केटबॉलची जी परंपरा वाढली, तिच्यातही या घराचा वाटा आहे.

ही कल्पना मॅनशार्टसाहेबांची एकट्याची नव्हती. लंडनच्या पूर्व भागात सॅम्युएल बार्नेट या पाळकांनी १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल काढला, आणि विद्यापीठातील तरुणांना गरिबांच्या वस्तीत राहायला बोलावले. ते पाहून जेन अ‍ॅडम्स यांनी एलेन गेट्स स्टार या मैत्रिणीसह १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस सुरू केले. या सर्वांची रीत एकच होती : आधी वस्तीत राहायचे, मग लोकांचे ऐकायचे, आणि त्यानंतर काम ठरवायचे. आपण बहुधा उलटे करतो. कार्यक्रम आधी ठरवतो, पत्रिका छापतो, आणि लोक आले नाहीत म्हणून हळहळतो.

नागपाड्याच्या कामातून आणखी एक गोष्ट निघाली. गरिबांची सेवा नुसत्या कळवळ्याने होत नाही, तिला शिक्षण लागते, हे तेथे कळून आले. म्हणून १९३६ मध्ये टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून सारा देश ओळखतो ती हीच. एका गल्लीसाठी उघडलेल्या दारातून देवाने किती दूरचे काम करून घेतले पाहा!

आता कोणी विचारील, यात सुवार्ता कोठे आहे? हा प्रश्न आमच्या पंचांच्या सभेतही निघाला. महापुरानंतर आम्ही संध्याकाळी सहा ते नऊ हॉलात अभ्यासिका सुरू करावी असे मांडले. दहा बाय दहाच्या खोलीत जेथे स्वयंपाक, दूरदर्शन संच आणि आजारी आजोबा एकत्र असतात, तेथे दहावीच्या मुलाने पुस्तक कोठे उघडावे? एक वडीलधारे म्हणाले, “यांतले किती जण उपासनेला येतील?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही प्रामाणिक द्यायला हवे होते. उत्तर असे : कदाचित एकही नाही. शेजाऱ्याला दिलेला दिवा हा गळाला लावलेला आमिषाचा तुकडा नव्हे. आपण आमिष म्हणून दिले, तर शेजारी ते ओळखतो, आणि त्याने ओळखावे हेच योग्य. शोमरोनी मनुष्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्या मनुष्याला उतारशाळेत नेले, खर्च दिला; बदल्यात काही मागितल्याचे प्रभूने सांगितले नाही.

इफिसातली गोष्ट आठवा. सभास्थानात तीन महिने बोलल्यावर विरोध झाला, तेव्हा पौल तुरन्नाच्या पाठशाळेत दररोज बोलू लागला. दोन वर्षे हे चालले, आणि आशिया प्रांतात वचन पसरले. तुरन्न विश्वासी होता की नाही, हे शास्त्र सांगत नाही. एवढे खरे की, दुसऱ्या कोणाच्या तरी दाराच्या आत सुवार्तेला आसरा मिळाला. ज्या मंडळीचा पायाच शेजाऱ्याच्या उघड्या हॉलात घातला गेला, तिने आपल्या हॉलाला कुलूप लावून बसावे काय?

आमची अभ्यासिका सुरू झाली. मधे कोरोनाच्या काळात ती बंद पडली, पुन्हा सुरू झाली. अडचणी पुष्कळ आल्या. एक पंखा मोडला, विजेचे बिल वाढले, चपलांचा ढीग रविवारीही दाराशी दिसू लागला. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. बाहेर पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावरून आमच्या भागात माणसे भांडतात. आत मात्र कन्नड शाळेतली मुलगी मराठी शाळेतल्या मुलाला गणित समजावून सांगते, आणि उर्दू शाळेतला तिसरा मधे डोके घालून ऐकतो.

आणखी एक. आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध विधवाबाई एकट्या राहतात. एका सकाळी त्यांचे दार उघडले नाही. हे आम्हां मंडळीकरांना कळले नसते. आम्ही त्यांना रविवारीच भेटतो. अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीच्या आईच्या ते लक्षात आले. तिने हाका मारल्या, माणसे गोळा केली, दवाखान्यात नेले. बाई वाचल्या. नगराचे कुशल तेच तुमचे कुशल, हे यिर्मयाचे म्हणणे मला त्या दिवशी खरे कळले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. येत्या रविवारी मुलांना भक्तिस्थानाचे चित्र काढायला सांगा, आणि त्याभोवतीची चार घरे काढून तेथे राहणाऱ्यांची नावे लिहायला सांगा. नावे येत नसतील तर शिक्षकांनीही लाजू नये. तेथूनच धडा सुरू करावा. पंचमंडळींनी आपापल्या हॉलाच्या किल्ल्या मोजाव्यात. आमच्याकडे आता तीन आहेत. त्यांतली एक गल्लीतल्या त्याच आजींच्या घरी खिळ्याला टांगलेली असते. पाऊस जोराचा लागला की आम्हांला विचारायचे नाही, दार उघडायचे, असे त्यांना सांगितले आहे.

ज्या प्रभूने आपल्यासाठी दार बंद केले नाही, तो आपल्या हातांतील किल्ल्यांचा हिशेब आपणांस शिकवो. आमेन.