दान की देणे?

मुलाच्या हाती चॉकलेट ठेवताना त्यातील कोको कोणी पिकविला, हा विचार आपल्या मनास सहसा शिवत नाही. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना हे पश्चिम आफ्रिकेतील दोन देश पुरवितात. पिकविणारे बहुतेक मात्र दरिद्रीच, आणि नव्या लागवडीसाठी रानेही तुटली. म्हणून २०१९ साली उभय राष्ट्रांनी एकजुटीने टनामागे ४०० डॉलर अधिक मागितले. व्यापाऱ्यांनी ते मान्य केले, आणि पुढे दुसरी अधिमूल्ये कापून त्यातील बरेच परत घेतले! यास आम्ही व्यवहारचातुर्य म्हणणार नाही. दानात हात आखडला तर पुण्य उणावते. येथे तर कष्टाचे देणेच बुडविले. पण तेच चॉकलेट महाग झाले, तर आम्ही कुरकुरणार नाही काय? छातीठोकपणे सांगवत नाही.